पहिली किडनी माहेरची

'अभिवृत्ती' हा शब्द आमच्या घरात मी आणला, आणि तो आल्यापासून त्यानं मला सुख म्हणून दिलं नाही. मी बारामतीत नर्सिंगच्या पोरींना शिकवते. शिकवता शिकवता आपणही पुढची पदवी घ्यावी अशी बुद्धी झाली, आणि पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी विषय काढून दिला : ग्रामीण कुटुंबांची अवयवदानाविषयीची अभिवृत्ती. अभिवृत्ती म्हणजे माणसाच्या मनात एखाद्या गोष्टीबद्दल काय आहे ते. आता 'मनात काय आहे' असं सरळ लिहिलं तर त्याला पदवी कोण देणार? म्हणून अभिवृत्ती.

माझं सासर पणदऱ्याचं. मी नवऱ्याबरोबर बारामतीत राहते, पण सासू-सासरे, धाकटा दीर आणि त्याची बायको पणदऱ्यातच, ऊस आणि गोठा सांभाळून. प्रश्न विचारायला माणसं हवी होती आणि घरची माणसं चहासुद्धा देतात, म्हणून मी सुरुवात तिथूनच केली. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं. साखर कारखान्याचे जुने सभासद, आणि लग्न असो, वाटणी असो, कुठलीही बैठक त्यांच्याशिवाय बसत नाही. कारण रीत त्यांना ठाऊक. कुणी कुणाला किती पातळं नेसवायची, जावयाला कुठल्या दिशेला तोंड करून बसवायचं, रुसलेल्या पाहुण्याला कुणी उठवायला जायचं, सगळं पाठ. 'रीत म्हंजे रीत' असं ते म्हणाले की बैठक संपली.

माझे प्रश्न पुण्याहून तपासून आले होते. पहिलाच प्रश्न मी आबांना वाचून दाखवला, "माझ्या मृत्यूनंतर माझे अवयव गरजू व्यक्तीस उपयुक्त ठरल्यास मला समाधान लाभेल."

आबा म्हणाले, "मेल्यावर समाधान कसं लाभंल गं?"

मी म्हटलं, "आबा, तसं नाही. तुम्ही सहमत आहात का एवढंच सांगायचं. पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत."

"तटस्थ म्हंजे?"

"मधलं."

"मधलं नको. मानूस मधलं बोलाय लागला की समजावं, ह्याला काय द्यायचं न्हाय. पूर्णतः सहमत लिव. आन् समद्या घराचंच लिव की, हरेकाला कशाला तरास देती?"

असं सगळ्यांचं एकदम लिहायचं नसतं, हे पटवायला मला त्यांच्याशी चहा संपेपर्यंत वाद घालावा लागला. गल्लीत हिंडले तर तिथं आणखी तऱ्हा. एका म्हाताऱ्यानं मला गंभीरपणे विचारलं, किडनी काढल्यावर तिथं परत फुटते का. मी म्हटलं नाही. तो म्हणाला, "उसाला येतो की खोडवा. तोडला तरी बुडक्यातनं परत ऊस येतो. मानसाला देवानं एवढं बी केलं न्हाय व्हय?" बायका म्हणायच्या, ह्यांना विचारून सांगते. ह्यांना विचारलं की ते म्हणायचे, तिचं बी सहमतच लिहा. एकूण काय, अख्खं पणदरे अवयव द्यायला इतकं उतावीळ दिसत होतं की मला आपल्या गावाचा अभिमानच वाटायला लागला.

धाकटी जाऊ तेव्हा गोठ्यात होती. ती बावड्याची, इंदापूर तालुक्यातली. अंगानं काटक, तोंडानं फटकळ, आणि हसायला लागली की गोठ्यातल्या गाई मान वर करून बघायच्या. मी तिलाही तो समाधानाचा प्रश्न वाचून दाखवला. तिनं गाईला दूध काढायचं मशीन लावता लावता ऐकून घेतला आणि म्हणाली, "मेल्यावर द्यायला कोन न्हाय म्हनंल, ताई? जित्तेपनी कोन देतंय ते इचारा की."

"ते माझ्या विषयात नाही," मी म्हटलं.

"मंग लिवा सहमत. फुकट हाय म्हनल्यावर," असं म्हणून ती हसली.

त्याच वर्षी तिचे पाय सुजायला लागले. उभं राहून सुजतात म्हणाली. मग तोंड सुजलं. झोपून सुजतं म्हणाली. कंबर दुखते म्हणून ती कित्येक वर्षं मेडिकलमधून गोळ्या आणून खात होती आणि घरात कुणाला, मलासुद्धा, पत्ता नव्हता. रक्तदाब वाढलेला, तो कुणी मोजलाच नव्हता. गाईला ताप आला तर आमच्याकडं जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलवर पळत येतो. तिला मी जबरदस्तीनं बारामतीला तपासायला नेलं तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ बसलेल्या होत्या.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. पणदऱ्याहून ती बारामतीला यायची, मशीनला हात द्यायची, रक्त बाहेर जाऊन धुऊन परत यायचं. पहिल्या दिवशी नळ्यांकडं बघत मला म्हणाली, "ताई, मी गाईला मशीन लावती, आता मला बी मशीन लावलं. फकस्त धार किती निघाली ते सांगा." तिथल्या सिस्टर हसल्या. मी बाहेर जाऊन रडले, आणि रडून झाल्यावर स्वतःवरच चिडले, की रोज पोरींना शिकवतेस ना, पेशंटसमोर खंबीर राहा म्हणून.

त्या हॉलच्या बाहेरच्या बाकावर बसून मी जेवढं शिकले तेवढं पुण्याच्या ग्रंथालयात शिकले नाही. शेळगावचं एक जोडपं तिथं तपासणीला यायचं. बाईनं नवऱ्याला किडनी दिलेली होती. नवरा पुढं मोकळ्या हातानं, बाई मागं त्याच्या फायलींची पिशवी, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. मी बाईला विचारलं, तुमची तब्येत कशी आहे? ती गोंधळलीच. म्हणाली, "मला काय झालंय? मालकांना इचारा." तिची पण एक किडनी काढली आहे, हे तिला कुणीतरी आठवण करून द्यायला हवं होतं.

काही महिन्यांत जाऊ निम्मी झाली. मशीनवरून उठली की उलटी व्हायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं : वय लहान आहे, पोरं लहान आहेत, ही अशी किती दिवस काढणार? जवळच्या नात्यातल्या कुणीतरी किडनी द्या. जवळचं म्हणजे आई-बाप, भाऊ-बहीण, नवरा. मी माझं आधीच बघून घेतलं होतं. माझा रक्तगट जुळत नव्हता, आणि कायद्याच्या जवळच्या नात्यांत जाऊ बसतच नाही. एकाच घरात सून म्हणून आलेल्या दोन बायकांचं नातं कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आलेलं नसावं.

झालं. आबांनी बैठक बोलावली.

लग्नाच्या याद्या करायला बसावं तशी सतरंजी टाकली. इकडून आबा, सासूबाई, माझा नवरा, दीर आणि मी. तिकडून बावड्याहून जावेची आई आणि भाऊ. वडील तिला लहानपणीच गेलेले. माझा नवरा अधूनमधून "टेक्निकल बाजू बघायला पाहिजे" एवढं म्हणत होता. दीर सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. आणि जिच्यासाठी बैठक होती ती आत चहा करत होती. हाताला डायलिसिसची पट्टी, पाणी मोजून प्यायचं म्हणून स्वतःला एक घोटसुद्धा नाही, आणि बाहेर एवढ्या माणसांना साखर कमी-जास्त विचारत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. किटली तिच्या हातातून घेतली आणि तिला बाहेर आणून सासूबाईंच्या शेजारी बसवलं. सासूबाई थोड्या सरकल्या.

आबांनी खाकरून सुरुवात केली. "पावनं, एक इचारतो. पोरीचं पहिलं बाळतपन कुटं करत्यात?"

जावेचा भाऊ म्हणाला, "माहेरी. त्यात काय इचारायचं?"

"का करत्यात माहेरी?"

"रीत हाय."

"आत्ता बोलला!" आबांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे पोरीच्या जीवाचं पहिलं मोटं काम माहेरानं करायचं, ही रीत. आन् किडनी म्हंजे तरी काय? जीवाचंच काम हाय. तवा पहिली किडनी माहेरची. रीत म्हंजे रीत."

एवढी वर्षं मी किडनीवर शिकवतेय. तिची रचना सांगते, कार्य सांगते, रोग सांगते. तिला माहेर असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

भाऊही काही कमी नव्हता. म्हणाला, "आबा, आमी कन्यादान केलंय. एकदा दान केल्यावर वरनं आनी भर घालायची, ही कुटली रीत? आन् दिली तवा दोन किडन्या घालून धडधाकट दिली हुती. खराब झाल्या त्या तुमच्याकडं."

"म्हंजे आमी खराब केल्या?"

"तसं न्हाय मी म्हनत."

"मंग कसं म्हनताय?"

सासूबाई मध्ये पडल्या, "आमच्या घरात कुनाला मुतखडा सुदिक न्हाय बाई! ह्यो रोग हितला न्हायच."

"अहो, किडनी आहे ती, मिक्सर नाही!" मी ओरडले. "कुणाकडं बिघडली आणि गॅरंटी कुणाची, हे काय लावलंय तुम्ही? ही समोर बसलीय ना!"

आबांनी मला हातानं थांबवलं. "तू शिकल्याली हायस, तुजं पुस्तक खरं हाय. पन बैठकीत रीत बोलत्यात."

मी दिराकडं बघितलं. त्याचा रक्तगट जुळतो हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. सतरंजीचा दोरा आता बराच लांब निघाला होता. सासूबाईंनी माझी नजर ओळखली आणि कुणी न विचारताच म्हणाल्या, "त्याला शेतात राबायचं असतंय. ट्रॅक्टर चालवायचा असतोय." बायको काय बसून खात होती? सगळा गोठा तिच्यावर होता. पण हे बैठकीत बोलायचं नसतं.

तेवढ्यात दाराशी बसलेली तिची आई म्हणाली, "मी देती की. एवड्याला बैठक कशाला बसवली?"

एकदम सगळ्यांचे चेहरे उजळले. भाऊ म्हणाला, "आये, तुजं वय झालंय गं," पण असं म्हणाला, जसं आग्रहाच्या जेवणाला माणूस नको नको म्हणतो. आबा म्हणाले, "बगा, बसलं की न्हाय रीतीत?" सासूबाईंनी विहीणबाईंना हळदीकुंकू लावलं. जाऊ तेवढी खाली मान घालून बसली होती. तिच्या आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांनी चहा घेतला.

तपासण्यांसाठी पुण्याला जायच्या दिवशी म्हातारी बावड्याहून आली ती डबा घेऊन. डबा उघडला तर डिंकाचे लाडू. लेकीच्या बाळंतपणाला करतात तसे.

"मावशी, अहो तिला हे चालत नाही," मी म्हटलं.

"ठावं हाय. पन मोकळ्या हातानं कसं यायचं? पहिल्या येळंला केलं हुतं, म्हनून केलं," ती म्हणाली. मग हळूच मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, किडनी द्यायला जाताना अंगावर जुनं लुगडं चालंल, का नवं नेसू?" मी सांगितलं, तिथं दवाखान्याचे कपडे देतात. तिला ते काही आवडलं नाही.

रक्तगट जुळला. वय झालेलं असूनही हृदय ठणठणीत. आणि तिसऱ्या तपासणीत निघाली साखर. चांगली मुरलेली, कित्येक वर्षांची, आणि तिच्या आयुष्यात ती कुणी तपासलीच नव्हती. तपासणार कोण? तीही बाईच. डॉक्टरांनी चांगल्या शब्दांत सांगितलं की तुमची किडनी घेता येणार नाही.

म्हातारी खुर्चीवरून उठेना. "डाक्टरसायेब, साखर रक्तात आसंल. किडनी आत हाय, ती चांगली आसंल की. काडून बगा तरी. न्हाय बसली तर टाकून द्या, माजं काय म्हननं न्हाय."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी इतकी वर्षं नर्सिंग केलंय, मरणाच्या बातम्या दिल्यात, पण त्या बाईला त्या खुर्चीवरून उठवायला मला तिच्या लेकीला हाक मारावी लागली. परतीच्या गाडीत ती सारखी लेकीला म्हणत होती, "मी ग्वाड कमी खाल्लं असतं, तर झालं असतं गं." लेक तिचा हात धरून खिडकीबाहेर बघत होती.

आता आली भावाची पाळी. तो फोनवर म्हणाला, बायको नाही म्हणते. मी म्हटलं, बायकोला फोन दे. बायको म्हणाली, माझ्या माहेरच्यांना विचारावं लागेल. मी फोन ठेवला. तिच्या माहेरच्यांना आणखी कुणाच्या माहेरच्यांना विचारावं लागलं असतं, आणि ही साखळी इंदापूर ओलांडून कुठवर गेली असती देव जाणे.

आणि दिवस चालले होते. एका डायलिसिसला जावेचं ब्लडप्रेशर इतकं खाली गेलं की सिस्टरनी मला वर्गातून बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "ताई, मी मेली तर माजं काय काय घेता येतंय? डोळं तरी घेतील का?" माझ्या प्रश्नावलीतला प्रश्न होता तो. मी तिला म्हटलं, "गप बस. तोंडातनं परत असलं काढलंस तर मीच मारीन." त्या संध्याकाळी मी तिला घेऊन पणदऱ्याला गेले ती ठरवूनच, की आज आबांशी भांडायचं.

मला भांडावं लागलंच नाही.

अंगणात आबांच्या बाजेभोवती गल्लीतली चार माणसं बसली होती, कारखान्याच्या निवडणुकीवर चर्चा चालली होती. जाऊ गाडीतून उतरली, माझ्या खांद्याला धरून चालत आली आणि आत न जाता बाजेपुढं उभी राहिली. आजवर ती आबांसमोर कधी थांबून बोलली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आबा, एक इचारायचं हुतं. रीतीचं हाय."

रीतीचं म्हटल्यावर आबा सावरून बसले. "इचार की."

"पहिलं बाळतपन माहेरी करत्यात. दुसरं कुटं करत्यात?"

"दुसरं सासरी. सासरनं निस्तरायचं. ही काय इचारायची गोष्ट हाय? रीतच हाय ती," आबा म्हणाले, आणि शेजारच्या माणसांनीही माना डोलावल्या.

"मंग माहेरचं झालं," ती म्हणाली. "आयेनं दिली. त्यांनी घेतली न्हाय, त्यात तिचा काय दोष न्हाय. पहिली पाळी माहेरची झाली. आता सासरची. म्हना काय म्हनायचं ते."

आबांनी टोपी काढली, परत घातली. गावात कुणाच्याही बैठकीत त्यांनी शब्द फिरवलेला नव्हता आणि इथं साक्षीला गल्ली बसलेली होती. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आगं बया! माज्या लेकराला..." पण आबांनी हात वर केला.

"रीत म्हंजे रीत," ते म्हणाले. मग ओट्यावर बसलेल्या दिराला म्हणाले, "सकाळच्याला वहिनीसंगं जा."

दीर उठून गोठ्याकडं गेला. मी मागोमाग गेले. तो गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "वहिनी, म्या पहिल्याच दिवशी म्हननार हुतो, मी देतो म्हनून. पन आबा बोलत हुते."

"आबा बोलत होते?" मी म्हटलं. "बायको मरायला टेकली आणि तू आबांचं बोलणं संपायची वाट बघत होतास? सहा महिने? अरे, कसला गडी तू! सतरंजी उसवण्यापलीकडं काही येतं का तुला?"

"घाबरलो हुतो वहिनी," तो म्हणाला. त्याचं हे वाक्य मात्र खरं होतं.

पुढं सगळं जमलं. तपासण्या झाल्या, कागदं झाली, दवाखान्याच्या समितीनं दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं की राजीखुशीनं देताय का. दीर म्हणाला, व्हय. पुण्यात ऑपरेशन झालं. नवीन किडनी चालू झाली की नाही हे लघवीवरून कळतं, एवढं मी घरच्यांना सांगून ठेवलं होतं. त्याचा परिणाम असा की बाळंतपणात जसं 'काय झालं, काय झालं' विचारतात तसे पणदऱ्याहून फोन सुरू झाले, "झाली का?" "अजून न्हाय?" आणि मी शेवटी "झाली! भरपूर झाली!" म्हणून सांगितलं तेव्हा आबांनी गल्लीत पेढे वाटले. दीर शुद्धीवर आला तेव्हा दुखण्यानं कण्हत होता, पण पहिला प्रश्न त्यानंही तोच विचारला, "तिला झाली का?" मी हो म्हटल्यावर तो लहान पोरासारखा रडला. त्या दिवसापुरतं मी त्याला सगळं माफ केलं.

माझा प्रबंधही पूर्ण झाला. पुण्याच्या बाईंना निष्कर्ष फार आवडला : अवयवदानाविषयी ग्रामीण कुटुंबांची अभिवृत्ती अनुकूल आहे. मी त्यांना म्हटलं, बाई, यात बैठक, रीत, माहेर, सासर हे कुठं घालू? त्या म्हणाल्या, ते आपल्या साधनात, म्हणजे प्रश्नावलीत, बसत नाही. मी पदवी घेतली आणि गप्प बसले.

पण गाव गप्प बसणारं नव्हतं. दीर हिंडायला-फिरायला लागल्यावर त्याचा सत्कार ठरला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर दीर फेटा बांधून, आणि लिहिलेलं : 'अर्धांगिनीसाठी काळजाचा तुकडा देणारा पणदऱ्याचा ढाण्या वाघ'. मी म्हटलं, काळीज नाही दिलं, किडनी दिली. कार्यकर्ते म्हणाले, मॅडम, किडनी फ्लेक्सवर शोभत नाही. शुभेच्छुकांचे फोटो इतके की अर्धांगिनीच्या फोटोला जागाच उरली नव्हती. मला शेळगावची ती फायलींची पिशवी घेतलेली बाई आठवली. तिच्या गावात कुठल्या चौकात तिचा फ्लेक्स लागला असेल?

नव्या किडनीला संसर्ग नको, म्हणून जावेला गर्दीत न्यायचं नाही असं मी अडून बसले होते. शेवटी मांडव मोकळ्यावर, तिला सगळ्यांपासून लांब खुर्ची आणि तोंडाला मास्क, अशा अटी घालून तयार झाले. भाषणं झाली. प्रत्येकानं दिराचं कौतुक केलं आणि तरुणांनी हा आदर्श घ्यावा असं सांगितलं. आबांचाही गौरव झाला, रीत जपून पुरोगामी विचार केला म्हणून. आबांनी तो मान खाली घालून स्वीकारला. दिराच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मग कुणाच्या तरी मनात आलं, वहिनींनी दोन शब्द बोलावेत.

जावेच्या हातात माईक दिला. तिनं मास्क थोडा खाली केला. अंगावर मूठभर मांस परत आलं होतं, आवाजही जुना झाला होता.

"ह्यांनी दिली. उपकार हायेत, म्या जन्मभर इसरनार न्हाय," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. ती थांबली, टाळ्या संपू दिल्या. "माजी आय तितं मागं बसलीया. तिनं कुनी इचारायच्या आदीच दिली हुती. बसली न्हाय, एवडंच. शाली दोन आनायला पायजे हुत्या."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. बायकांच्या शेवटच्या ओळीत म्हातारी पदर तोंडाला लावून बसली होती. आबांनी कार्यकर्त्यांकडं बघितलं, दुसरी शाल आहे का म्हणून. नव्हती. एकच आणली होती.

मग दीर उठला. कुणाला काही न विचारता उठलेला मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. त्यानं अंगावरची शाल काढली, बायकांच्या ओळी ओलांडत मागं गेला आणि म्हातारीच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं चटका बसल्यासारखी ती उचलून परत त्याच्या हातात दिली.

"न्हाय जावईबापू. लेकीच्या घरचं काय घ्यायचं नसतंय. द्यायचं असतंय."

मला तिचाही राग आला. किडनी काढून द्यायला निघाली होती, आणि एक शाल घेताना तिला रीत आठवली. मी काहीतरी बोलायला उठणार तोच मांडवातल्या सगळ्या कर्ण्यांतून आवाज आला. माईक अजून जावेच्याच हातात होता.

"घे गं आये," ती म्हणत होती. "घे. रीत गेली चुलीत."

म्हातारीनं आबांकडं बघितलं. आबा जमिनीकडं बघत होते. मग तिनं हात पुढं केला आणि शाल घेतली.